मास्तरांनी झाड निवडलं

३ डिसेंबर २००३

आमच्या विभागप्रमुख मिर्ताबाईंनी आज आम्हा दोघांना त्यांच्या खोलीत बोलावलं. बोलत्या पुस्तकांची जुनी पद्धत बंद. मार्चमध्ये शाळा उघडतील तेव्हा अंध मुलांच्या हातात नव्या पद्धतीची पुस्तकं पडायला हवीत. पान सांगितलं की थेट त्या पानावर जाता यावं, तळटीपा नको असतील तर गाळता याव्यात. आवाज देणारे आहेत, मजकुरात प्रकरण, पान, टीप दाखवणाऱ्या एक्सएमएलच्या खुणा घालणाऱ्या बायका आहेत. पण आवाज आणि मजकूर एकमेकांना जोडणारा प्रोग्रॅम नव्याने लिहायचा आहे आणि लिहिणारे दोघंच, मी आणि मास्तर. तिसरा, गोन्सालो, सप्टेंबरात स्पेनला गेला. त्याच्या खुर्चीवर आता रिकामी खोकी ठेवतात.

बाई म्हणाल्या, आधी काय ठरवायचं ते सांगा. मी म्हटलं, एक्सएमएल वाचायला साधन कुठलं घ्यायचं ते. सॅक्स की डॉम. खरं तर विचारायचं काही नव्हतंच. मास्तर सॅक्सवाले, मला शिकवलं तेही सॅक्सच. मी केवळ रीत म्हणून त्यांच्याकडे बघितलं.

मास्तर म्हणाले, "झाड घेऊ."

झाड म्हणजे डॉम. मला वाटलं थट्टा चाललीये, म्हणून मी हसलेही. ते हसले नाहीत.

४ डिसेंबर

बाईंना दोन्हींतला फरक साध्या भाषेत एका कागदावर लिहून हवाय. इथे कच्चं लिहून बघते.

सॅक्स पुस्तक वरून खाली एकदाच वाचत जातो. वाटेत प्रत्येक खुणेला हाक देतो: प्रकरण सुरू झालं, परिच्छेद सुरू झाला, परिच्छेद संपला. हाक दिली की त्याचा संबंध संपला, मागचं तो काही धरून ठेवत नाही. आत्ता आपण कुठल्या प्रकरणात, कुठल्या टीपेत आहोत हे ज्याने त्याने आपलं लक्षात ठेवायचं. मेमरी मात्र चिमूटभर लागते.

डॉम आख्खं पुस्तक आधी मेमरीत घेतो आणि फांद्या फुटलेल्या झाडासारखं उभं करतो. मग कुठेही जा, वर बघा, खाली बघा, सगळं समोर. लक्षात काही ठेवावं लागत नाही. पण फाईल जवळपास दहा पट फुगते, आणि आमची मशीन्स म्हणजे कुठल्या तरी बँकेने टाकून दिलेली.

असं लिहिल्यावर कोणीही सॅक्सच म्हणेल. मग मास्तर का म्हणत नाहीत?

९ डिसेंबर

आज हायस्कूलच्या तिसऱ्या वर्षाच्या इतिहासाचं पुस्तक डॉमला देऊन बघितलं. आमच्याकडचं सगळ्यात जाड पुस्तक. मशीन घरघरायला लागलं, माऊस थिजला, आणि मी येर्बाचा, म्हणजे आमच्या कडू पाल्याच्या चहाचा, भोपळा पुन्हा भरून आणला तरी पडदा जिथल्या तिथे. आदेमार शेजारी कानाला हेडफोन लावून वाट बघत होता. तो जन्मापासून अंध. तयार झालेलं प्रत्येक पुस्तक आधी तो ऐकतो आणि चुका सांगतो. म्हणाला, "रोसिना, पुस्तक लिहायला घेतलंस की वाचायला?"

मी मास्तरांना हाक मारून दाखवलं. म्हणाले, मेमरी वाढवून घ्या. मी म्हटलं, कुठून? मागच्या वर्षी बँका बुडाल्यापासून इथे बल्ब गेला तरी अर्ज करावा लागतो, हे तुम्हाला ठाऊक नाही का? त्यावर ते चिडले. भोपळा इतक्या जोरात टेबलावर आपटला की येर्बाचा चोथा कीबोर्डवर सांडला. पाच वर्षांत मी त्यांना चिडलेलं पाहिलेलं नाही. मग स्वतःच रुमाल काढून एकेक बटण पुसत बसले.

१० डिसेंबर

त्यांचं नाव लीबेर एचेगोयेन, पण या इमारतीत सगळे मास्तरच म्हणतात. पूर्वी कामगारांच्या शाळेत गणित शिकवायचे. मी इथे आले तेव्हा मला नुसती वेब पानं करता यायची. त्यांनी मला फाईल छापून दिली आणि मोठ्याने वाचायला लावली. कुठेही थांबवायचे आणि विचारायचे, आत्ता किती दारं उघडी आहेत? म्हणजे सुरू झालेल्या आणि न संपलेल्या खुणा किती. मी पुन्हा वरून शोधायला लागायचे. ते कागदाकडे न बघता सांगायचे: पुस्तक, प्रकरण, परिच्छेद, टीप, चार. एकदाही चुकले नाहीत. झाडवाल्यांना हसायचे. म्हणायचे, स्वतःच्या घरात आपण कुठल्या खोलीत उभे आहोत ते ज्याला कळत नाही, त्याला नकाशा लागतो.

तोच माणूस आज नकाशा मागतोय. यात काहीतरी आहे.

१२ डिसेंबर

बाईंनी निवाडा दिला. दोघांनी आपापल्या पद्धतीने छोटा नमुना करा, जानेवारीच्या मध्यावर बघू. थोडक्यात, माझी माझ्या मास्तरांशी शर्यत. मला नको होतं, पण नको म्हणावं तर मार्च समोर दिसतो.

१८ डिसेंबर

मला संशय येतोय. लिहावं की नको, पण ही माझी वही आहे, म्हणून लिहिते.

मास्तर दर गुरुवारी सकाळी उशिरा येतात, इस्त्रीचा शर्ट घालून. विचारलं तर म्हणतात, काम होतं. घरून एल्वाचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, फोन आला की पाठ करून हळू बोलतात. "हो, सांगितलं मी त्यांना. नाही, सगळं नाही सांगितलं." आज एवढं ऐकू आलं. मुलाखती देत फिरतायत. साठीला आलेला माणूस, पण जो तो देश सोडून चाललाय, मग ते का नाहीत जाणार? माझा भाऊ स्पेनमधल्या वालेन्सियाहून दर रविवारी हेच सांगतो: तू शेवटचा दिवा मालवायला थांबलीयेस का? मास्तरांना बाहेर डॉमचीच नोकरी मिळत असणार, सगळीकडे आता तेच चालतं. म्हणजे आमच्या पुस्तकांवर हात बसवून घ्यायचा आणि निघून जायचं. आणि झाड सांभाळत, बंद पडणाऱ्या मशीनसमोर बसायचं मी.

आदेमारला हे बोलून दाखवलं. तो म्हणाला, त्याला तसं वाटत नाही. मास्तर हल्ली इमारतीच्या बोळात मध्येच थांबतात, त्याला पावलं ऐकू येतात. थांबतात, मग कुठल्या तरी एका बाजूला चालायला लागतात, पुन्हा थांबतात. मी म्हटलं, मोबाईलला रेंज शोधत असतील. तो म्हणाला, असेल. 

३१ डिसेंबर

शेवटचा दिवस. दरवर्षीच्या रिवाजाप्रमाणे दुपारनंतर सगळं जुनं शहर खिडक्यांतून कॅलेंडरची पानं फाडून खाली फेकत होतं. आमच्या रस्त्यावर घोट्यापर्यंत कागद. आम्हीही फेकले. कोणीतरी वरून सफरचंदाची सायडर ओतली, बाईंचे केस भिजले, त्याही हसल्या. फक्त मास्तर आपलं कॅलेंडर मांडीवर घेऊन बसले. मी म्हटलं, द्या, मी फाडते. त्यांनी दोन्ही हातांनी धरून ठेवलं. म्हणाले, "हे लागेल मला, गोन्सालो."

गोन्सालो!  मलाही लागलं ते. पाच वर्षं शेजारी बसतेय मी आणि यांना अजून तोच लाडका.

८ जानेवारी २००४

जानेवारीचा ऐन उन्हाळा, सगळं शहर किनाऱ्यावर आहे आणि मी इथे पंख्याखाली. माझा सॅक्सचा नमुना गोष्टीच्या पुस्तकांवर झकास चालतो. इतिहासावर मात्र फसतो. आदेमारने टीपा गाळून ऐकलं आणि म्हणाला, मधलं एक पान गायब आहे, आणि त्यापुढची सगळी पानं एकेकाने सरकलीयेत.

सकाळभर शोधलं तेव्हा सापडलं. एक लांबलचक तळटीप पुढच्या पानावर वाहत गेलीये, त्यामुळे नव्या पानाची खूण टीपेच्या पोटात पडली. ऐकणाऱ्याने टीप गाळली की तिच्याबरोबर पानही गेलं. मूल वर्गात बसलेलं, शिक्षिका म्हणणार अमुक पान काढा, आणि हे भलतंच काहीतरी ऐकत बसणार. दुरुस्त करायला जाते तर माझा हिशेब दुसरीकडे चुकतो. एका वेळी इतक्या गोष्टी लक्षात ठेवायच्या की पाचवी आली की पहिली निसटते.

९ जानेवारी

मास्तरांचा जुना प्रोग्रॅम उघडला. त्यात हीच अडचण सोडवलेली आहे, दहाबारा ओळींत. पण त्या ओळी मला कळत नाहीत. कुठे टिपण नाही, खुलासा नाही, सगळं त्यांच्या डोक्यात. ज्या जागी तो हिशेब ठेवलाय त्या जागेला नाव दिलंय एल्वा. एल्वा वाढते, एल्वा कमी होते, आणि पान बरोबर बाहेर येतं.

शर्यत असो नसो, मी उठले आणि विचारायला गेले. कागद समोर धरून म्हटलं, मास्तर, ही एल्वा नक्की काय करते? त्यांनी चष्मा पुसला. वरपासून खालपर्यंत वाचलं, परत वर गेले, बोट ठेवून वाचलं. पुष्कळ वेळ गेला. मग म्हणाले, "चांगलं लिहिलंय. कोणी लिहिलंय हे?"

मी कागद ओढून घेतला आणि जागेवर आले. इतकी वर्षं ज्यांना मी मानलं, त्यांनी माझी अशी टर उडवावी? सांगायचं नसेल तर सरळ नाही म्हणा. 

१३ जानेवारी

त्या ओळी जशाच्या तशा उचलून माझ्या प्रोग्रॅममध्ये घातल्या. चालल्या. का चालल्या ते मला माहीत नाही.

१५ जानेवारी

आज नमुने दाखवले. बाई, आदेमार, खुणा घालणाऱ्या दोघी, सगळे मागे उभे. मास्तरांनी आधी एक छोटं गोष्टीचं पुस्तक उघडलं. पडद्यावर झाड, प्रत्येक फांदी उघडता मिटता येणारी, खरंच सुरेख. तेवढ्यावर मी थांबायला हवं होतं. मी म्हटलं, इतिहास उघडा. त्यांनी उघडायला घेतला आणि मशीन बसलं.  मी विचारलं, आता वर्गातल्या मुलाने काय करायचं, मास्तर? आणि टीपेच्या पोटातल्या पानाचं तुमच्या झाडात काय होतं, ते तरी सांगा.

त्यांनी शर्टाच्या बाहीची गुंडी लावली, काढली, परत लावली. मग बाईंना म्हणाले, "पोर म्हणते ते बरोबर आहे." पिशवी घेतली आणि गेले. घड्याळात दुपारही झाली नव्हती.

मी जिंकले. कोणी अभिनंदन केलं नाही. आदेमार हेडफोन गुंडाळत होता, तो गुंडाळतच राहिला.

२३ जानेवारी

मास्तर रजेवर आहेत. आज एल्वा आली. मी तिला दोनदाच भेटले होते. उन्हातून आलेली, हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेला जांभळांसारख्या काळ्या अंजिरांचा डबा. माझ्यासाठी. खोक्यांची खुर्ची रिकामी करून तिला बसवलं.

म्हणाली, "तुम्ही झाड घेतलंत, फार बरं केलंत. तुझे आभार मानायला आले."

मला कळेना. ती बोलत राहिली. गेल्या हिवाळ्यापासून, जूनपासून चाललंय. आधी किल्ल्या, मग बसचा थांबा. गुरुवारी डॉक्टरकडे जातात, तपासण्या होतात. डॉक्टर म्हणाले, समोर दिसतं ते काम अजून काही काळ जमेल, डोक्यात धरून ठेवायचं काम जमणार नाही. "तर हा घरी येऊन मला म्हणतो, एल्वा, असं एक साधन आहे. सगळं समोर उभं असतं, काही लक्षात ठेवावं लागत नाही. ते घ्यायला लावलं तर मी अजून काम करू शकेन. गेल्या आठवड्यात आला आणि सांगितलं, घेतलं म्हणून. त्या दिवसापासून शांत झोपतो."

डबा माझ्या मांडीवर होता. तिला खरं सांगणं भाग होतं. सांगितलं. हळूहळू, तिच्याकडे न बघता. ती म्हणाली, "हो का." मग म्हणाली, अंजीर आजच खा, उन्हाने उद्यापर्यंत टिकायचे नाहीत.

२६ जानेवारी

बाईंकडे गेले. म्हटलं, निर्णय फिरवा, झाड घ्या. त्यांनी सिगारेट पेटवली आणि विझवली. त्यांना माहीत होतं. मास्तरांनी नोव्हेंबरातच सांगितलं होतं, आणि कोणाला कळू न देण्याचं वचन घेतलं होतं. मी विचारलं, मग मला त्यांच्यासमोर उभं का केलंत? म्हणाल्या, "मला वाटलं, तू त्याचं ऐकशील. सगळ्यांसारखी."

मेमरीसाठी त्यांनी वर तीनदा लिहिलंय. उत्तर आलं, कार्निव्हलनंतर बघू. म्हणजे मुलं शाळेत बसल्यावर. मशीन बदलत नाही, मार्च सरकत नाही, मास्तर बरे होत नाहीत. 

६ फेब्रुवारी

एक सुचलंय. सॅक्सने वाचत जायचं, पण प्रकरण सुरू झालं की तेवढ्याच प्रकरणाचं छोटं झाड उभं करायचं, काम झालं की ते पाडून पुढचं. छोटं झाड आमची मशीन्स पेलतील. मास्तरांना एका वेळी एक प्रकरण समोर ठेवता येईल. हे डिसेंबरात का सुचलं नाही? कारण तेव्हा मला शर्यत जिंकायची होती, दुसरं काय.

१२ फेब्रुवारी

चालतं. इतिहाससुद्धा. आदेमारने टीपा गाळून सगळी पानं तपासली, एकही सरकलं नाही. एल्वाला फोन केला. उद्यापासून ती मास्तरांना सकाळी आणून सोडेल.

१३ फेब्रुवारी

मास्तर आले. इस्त्रीचा शर्ट. मी प्रकरण उघडून दिलं. त्यांनी फांद्या उघडल्या, मिटल्या, आणि खुणा घालणाऱ्या बायकांची एक चूक काढली जी मला दिसली नव्हती. दुपारी दोघांनी पावात मांस घालून खाल्लं, खिडकीशी उभं राहून. कोपऱ्यावर कार्निव्हलचे ढोल सरावाला बसले होते. मास्तरांनी बोटांनी चौकटीवर ताल धरला. इतकं बरं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

१९ फेब्रुवारी

मी जिन्यावर फोनवर होते. परत येते तर मास्तर खुर्ची मागे सरकवून उभे, आणि पडद्यावर प्रकरणाच्या फांद्या एकेक करून कापलेल्या. म्हणाले, अंगण झाडून घेतलं, फार पानं पडली होती. मूळ फाईल माझ्याकडे होती, काही बिघडलं नाही. मी तसं म्हटलंही, काही बिघडलं नाही मास्तर. ते ऐकत नव्हते. दाराकडे बघत होते, कुठलं दार ते ठरत नसल्यासारखे.

एल्वा आली. अंगात कोट नव्हता, तरी कोट घालून देताना करतात तसे तिने त्यांचे खांदे सारखे केले आणि त्यांना घेऊन गेली.

१ मार्च

त्यांचे निवृत्तीचे कागद आज गेले. सही त्यांनी केली, बाईंनी जागा दाखवली.

९ मार्च

शाळा सुरू झाल्या. दूरच्या ताकुआरेम्बो गावाहून एका मुलीच्या आईचा फोन आला, इतिहासाचं पुस्तक मिळालं, मुलगी पानं स्वतः उघडते. वर्गात तिचं पान सगळ्यांच्या आधी निघतं. बाईंनी फोन मला दिला, मी आदेमारला दिला.

१३ मार्च

शनिवार. मास्तरांकडे गेले. मागच्या अंगणात अंजिराच्या सावलीत बसले होते. मला ओळखलं नाही, पण खुर्ची दिली, येर्बा भरून दिला. विचारलं, काय करतेस तू? मी सांगितलं, एक्सएमएल वाचणारे प्रोग्रॅम लिहिते. म्हणाले, ते कसं असतं? मग मी सगळं सांगितलं, सॅक्स, डॉम, मशीन्सची मेमरी, आणि शेवटी मी केलेलं प्रकरणाप्रकरणाचं झाड. मन लावून ऐकलं. मध्येच एक प्रश्न विचारला, तोही अगदी नेमका. मग मान हलवली.

"झाड कशाला मध्ये आणलंस? सरळ वाचत जायचं. डोकं कशाला दिलंय?"

मी म्हटलं, एका माणसासाठी आणलं होतं.

"त्याला काढा कामावरून," मास्तर म्हणाले. आणि आत वळून हाक दिली, एल्वा, ही पोरगी हुशार आहे, हिला आपल्याकडे घ्यायला हवं. मला म्हणाले, "सोमवारी ये. सकाळी."

मी म्हटलं, येते.

१५ मार्च

बाईंना सांगून सकाळी त्यांच्याकडे गेले. जाताना स्वतःला बजावत होते की त्यांच्या लक्षात नसणार, एल्वाशी दोन शब्द बोलायचं आणि कामावर परतायचं. एल्वाने दार उघडलं आणि कुजबुजली, उजाडल्यापासून तयार होऊन बसलाय, मला दोनदा रस्त्यावर पाठवलं बघायला.

मास्तर जेवणाच्या टेबलाशी बसले होते. इस्त्रीचा शर्ट, गळ्याशी गुंडी लावलेली, समोर कोरे कागद आणि टोक केलेली पेन्सिल. समोरची खुर्ची ओढून ठेवलेली. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"पहिल्याच दिवशी उशीर?"

मी म्हटलं, चुकलं माझं, पुन्हा होणार नाही. आणि बसले.